तिनळी आणि तीन फटके

श्वार्ट्सग्राबन,
सोमवार, २२ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप वालेंटिनकाका यांस,
बुर्गीचा सादर नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी आधी करायला हवी हे मला कळतं, आणि ती मी करणारच आहे. पण मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पुढची ओळ माझ्याच्याने लिहवणार नाही. मी लिहिलं होतं की शिकारीच्या हाक्याच्या दिवशी माझ्या नव्या बंदुकीची गोळी एगार्टरमामांच्या रकसॅकमधून, रकसॅकमधल्या थर्मासमधून आणि थर्मासमागच्या केकमधून आरपार गेली. हे खरं नाही. गोळी केकमध्येच राहिली. मी डोळ्यांनी न पाहता अंदाजाने लिहिलं, त्याबद्दल क्षमा मागते. ती शुक्रवारी सापडली, एगार्टरमामांच्या दाढेला. (दाढ शाबूत आहे. मी दोनदा जाऊन विचारून आले. आणि इतक्या दिवसांचा केक ते का खात होते, तर फुकट कसा घालवायचा म्हणून.) केक बिडाच्या भांड्यासकट रकसॅकमध्ये होता आणि भांड्याला आतून चांगला पोचा आला आहे, तेव्हा गोळी अडवण्याचं श्रेय भांड्याचं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण गावाने ते श्रेय केक भाजणाऱ्या गेनोवेवामामींच्या हाताला देऊन टाकलं आहे, आणि त्यामुळे मामी माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत.

आता गुडघा कसा आहे? रोसविटाताई लिहिते की तिच्याकडे तुम्ही जिने उतरण्याचा सराव करता, पण तो नेमका खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे नासपतीची दारू असते तेव्हाच करता. डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे ना, काका? मी औषधांच्या दुकानात काम करते, त्या गोळ्यांवर दारू घेतलेल्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. (सहसा काही होत नाही. पण होऊ शकतं.) इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला, लाल गाय व्यायली, वासरू धट्टंकट्टं आहे. कड्यांवर पहिला बर्फ पडला. तुमची शिंगाची शिट्टी तुम्ही मागितली होती ती याच पाकिटात घालणार होते, पण पाकीट फुगतं आणि टपालवाला हिनरिक ते दाबून बघतो.

बंदुकीची हकीकत तुम्हांला तुकड्यातुकड्यांनी कळली आहे. आज ती सलग लिहिते, कारण शेवटी मला तुमचा एक सल्ला हवा आहे, आणि अर्धवट माहितीवर सल्ला मागणं बरं नव्हे.

आपल्या घरात ‘तिनळी’ हा शब्द मी ‘आई’नंतर शिकले असेन. वर छऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. बाबांची तिनळी युद्ध संपल्यावर इंग्रज शिपायांनी पंचेचाळीस साली चौकात जमा करायला लावली, त्यानंतर चार वर्षांनी मी जन्मले, तरी तिच्या दस्त्यावरचा ओरखडा कुठे होता ते मी झोपेतही सांगेन. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारे बाबा तिच्याबद्दल मात्र बोलत. ससा उठला तर छर्रा, हरीण निघालं तर गोळी, एकाच खांद्यावर सगळं रान. मला हे ऐकून नेहमी वाटायचं की ही बंदूक माझ्यासाठीच आहे. मी ती मुलगी, जी घराला कुलूप लावून वळणापर्यंत जाते आणि कुलूप बघायला परत येते. कोणतं काडतूस घ्यावं, कोणती बंदूक न्यावी, या विचारातच माझी पहाट टळून जाते. जी बंदूक सगळंच करते, तिच्याबरोबर काही ठरवावं लागणार नाही, असा माझा समज. (प्रत्यक्षात तिला तीन नळ्या, दोन चाप आणि दोन खटके असतात आणि सावजासमोर सात गोष्टी ठरवाव्या लागतात. हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.)

आणि दुसरं कारण तुम्हांला म्हणून सांगते. शिकारीची परीक्षा पास होऊन मी शिकारी मंडळात आले त्याला चार वर्षं झाली. एकोणीस पुरुष आणि मी. सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात की मला रडू येतं. हाक्यात मला वारा न लागणारी जागा देतात. बसायला घोंगडी देतात. जागा अशी असते की तिथे वारा येत नाही आणि सावजही येत नाही. मला वाटलं, खांद्यावर तिनळी आली की हे थांबेल. घोंगडीवर तिनळी घेऊन कोण बसतं? मग मी त्यांच्यातली एक होईन. एवढंच मला हवं होतं, काका, आणि अजूनही एवढंच हवं आहे.

म्हणून शोध सुरू केला. पहिली तिनळी सापडली पलीकडच्या खोऱ्यात, पेच्निगबाईंकडे. शिकाऱ्यांच्या मासिकात जाहिरात होती, ‘दिवंगत पतीची, उत्तम अवस्थेत’. बंदूक सोफ्यावर भिंतीला टांगलेली, आणि बंदुकीवर पतीची टोपी. “घे ना, काढून बघ,” बाई म्हणाल्या. मी हात वर केला. “थांब हं, आधी कास्नुडल खा, गार होतील.” चक्का आणि पुदिना भरलेल्या त्या कास्नुडल मी खाल्ल्या. पुन्हा हात वर केला. “सांभाळून, टोपी पडेल. ती टोपी ना, त्याने घेतली तेव्हा आमचं नुकतंच लग्न...” संध्याकाळची बस आली तेव्हा मी टोपीच्या खरेदीपासून पतीच्या शेवटच्या आजारापर्यंत पोचले होते आणि बंदुकीला बोट लागलं नव्हतं. मी पुढच्या आठवड्यात परत गेले, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला बसवाला म्हणाला, “तुम्हीपण तिनळीवाल्या का? दर शरद ऋतूत ती जाहिरात देते. कोणीतरी येतं, ऐकून जातं.” मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या दिवशी बंदुकीचं नावच काढलं नाही. आता मी बंदूक सोडून नुसतीच त्यांच्याकडे जाते. कास्नुडल खरंच छान असतात.

दुसरी लिएन्त्सच्या एका हॉटेलवाल्याची. ‘जवळजवळ नवी’ असं लिहिलं होतं आणि ते शब्दशः खरं होतं, कारण त्या गृहस्थाला आयुष्यात काही मारता आलं नव्हतं. बंदूक सुंदर होती, पण खांद्याला लावली तर माझा गाल हवेत. दस्ता डावऱ्या माणसासाठी वाकवलेला. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण त्यांनी सूप पाजलं होतं, मग नको कसं म्हणायचं? “विचार करते,” असं म्हणून आले, आणि काका, मी खरोखर विचार केला. आठवडाभर डावरी व्हायचा प्रयत्न केला. डाव्या हाताने जेवले, डाव्या हाताने कुलूप लावलं, (आणि उजव्या हाताने परत येऊन पाहिलं,) दुकानात डाव्या हाताने पूड तोलायला घेतली. आमच्या मालकांनी ते पाहिलं, हळूच खुर्ची दिली आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांना वाटलं माझा उजवा हात गेला. डॉक्टरांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली, सरळ रेषेत चालायला लावलं आणि मग विचारलं, “मनावर काही ताण?” मी म्हटलं, “बंदूक घ्यायची आहे.”

शेवटी बाबाच म्हणाले, “फेरलाखला जा. बंदुका करतात तिथे मिळतात.” (त्या दिवसाच्या दहांतले सहा शब्द.) फेरलाखला वुट्टे नावाचे म्हातारे कारागीर आहेत, तुम्ही त्यांना ओळखत नसाल. मी दारात उभी राहिले आणि काय हवं ते सांगायच्या आत ते म्हणाले, “मान लांब आहे तुझी.”

“नाही हो.”

“आहे. सरळ उभी राहा. खांदे पाड. शाळेत आल्यासारखी काय उभी राहतेस?” माझ्याभोवती एक फेरी मारून ते आत गेले आणि हिरव्या फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. “लाव खांद्याला. डोळे मिट. आता उघड.”

मी डोळे उघडले तर नळीच्या टोकाची नेमाची माशी खाचेत बरोबर मध्यावर. काका, चार वर्षं मी दुसऱ्यांच्या दस्त्यांवर मान वाकडी करत होते.

“ग्राट्सच्या एका दातांच्या डॉक्टरसाठी घडवली होती. हुबेहूब तुझी मान. पण बायको म्हणाली, ही नाहीतर मी.”

“मग?”

“मग काय. रात्रभर विचार केला म्हणे बिचाऱ्याने. सकाळी फोनवर रडत होता.”

मी ती घेतली. पैशांचं तुम्हांला ठाऊकच आहे, सगळे साठवलेले गेले. वुट्टेंनी मला बंदूक हातात देण्यापूर्वी समोर बसवलं. “दस्त्याच्या मानेवर, वरच्या बाजूला हा खटका आहे ना, तो बंद-चालूचा नव्हे. तो पुढे सारलास की पुढचा चाप खालच्या गोळीच्या नळीला लागतो. बंद-चालूचा खटका बाजूला आहे, इथे डावीकडे. म्हण.” मी म्हटलं. “पुन्हा म्हण.” पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी न सांगता म्हटलं. “इतक्या मनापासून म्हणणाऱ्यांचीच मला भीती वाटते,” ते म्हणाले. “जिभेला पाठ होतं गं. अंगठ्याला कोण सांगणार?”

आता अंगठ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते (तक्रार मुळीच नाही), की माझा अंगठा तुम्ही घडवलात. बाबांची जुनी दुनळी, तिचा बंद-चालूचा खटका वर, मानेवरच. बारा वर्षांची असताना तुम्ही मला स्वयंपाकघरात केरसुणीचा दांडा खांद्याला लावून उभी करायचात आणि चुलीमागून ओरडायचात, “ससा!” मग अंगठा पुढे. “कोल्हा!” अंगठा पुढे. एकदा आई दुधाचं भांडं घेऊन आत आली तर तुम्ही “रानडुक्कर!” ओरडलात आणि आईने तुमच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. तर हा अंगठा. तो आजही काही हललं की पुढे जातो. बसमध्येसुद्धा जातो.

हाक्याच्या दिवशी मला, नव्या बंदुकीचा मान म्हणून, पहिल्यांदाच खरी जागा मिळाली. ओढ्याकाठी, समोर मातीचा उंच बांध. मागे-पुढे कोणी नाही ना, हे मी तीनदा पाहिलं होतं. बांधाच्या वर लार्चच्या झाडाखाली रकसॅक होती हे मात्र दिसलं नाही, कारण ती हिरवी होती. हाकारे ओरडू लागले आणि कोल्हा आला. असा समोर येऊन उभा राहिला. अंगठा पुढे गेला. वरचा खटका सरकला, नळीवरचं नेमाचं पान टक् करून उभं राहिलं, मी चाप ओढला. काही नाही. बाजूचा खटका बंदच होता ना! पुन्हा ओढला. कोल्हा खाली बसला. खरंच बसला, काका, शेपटी पायांभोवती घेऊन, आणि दुकानात पूड तोलताना गिऱ्हाइकं बघतात तसा माझ्याकडे बघू लागला. घाई नाही, पण लक्ष आहे. मग त्याला दुसरं काम आठवलं आणि तो गेला.

तेव्हा मला वुट्टे आठवले. मी बाजूचा खटका चालू केला. इथवर बरोबर. वरचा मागे घ्यायचा राहिला. ससा आला, बांधाच्या कडेकडेने. मी छर्रा म्हणून पुढचा चाप ओढला आणि खालून गोळी सुटली. आवाज ऐकूनच कळलं. सशाच्या मागून, बांधाची माती उडवून, ती वर रकसॅकमध्ये. ससा अजून आहे. कालच एगार्टरमामांच्या कोबीत दिसला होता.

शिंग वाजलं, सगळे जमले. मी बंदूक मध्यावर उघडून, काडतुसं काढून उभी. रकसॅकमधून कॉफी ठिबकत होती. मी म्हटलं, “दोष माझा. वरचा खटका पुढे राहिला होता.” आणि वाट बघत राहिले.

काका, गेल्या वर्षी ब्लाझिउसने ‘प्रवेश बंद’च्या पाटीला छर्रे मारले तेव्हा झोपडीचं छप्पर उडेल इतके सगळे हसले होते. लोळत होते. पाटी काढून त्याच्या गळ्यात घातली होती. आणि तीन नोव्हेंबरला, शिकाऱ्यांचे संत सेंट हुबेर्टस यांच्या सणाच्या संध्याकाळी, मंडळाच्या त्या गमतीच्या कोर्टात तुम्ही तागाच्या खोट्या दाढीत न्यायाधीश म्हणून बसलात, त्याला बाकावर ओणवा केलात आणि शिकारी सुऱ्याच्या पात्याच्या सपाट बाजूने तीन फटके दिलेत. पहिला राजासाठी, दुसरा सोबत्यांसाठी, तिसरा शिकारीच्या न्यायासाठी. तो तिन्ही वेळा धन्यवाद म्हणाला आणि उठला तेव्हा सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. आज वर्षभर तो कुठल्याही टेबलाशी बसला की “माझे तीन फटके” असं सुरू करतो.

मला मात्र एगार्टरमामा म्हणाले, “छे छे पोरी, चूक माझी. रकसॅक ठेवायची ही काय जागा?”

“नव्या बंदुकीचे खटके घट्टच असतात,” चेर्नुटर म्हणाले.

“ससाच मूर्ख,” ब्लाझिउस म्हणाला. ब्लाझिउससुद्धा!

मग मला शेकोटीजवळ बसवलं, चहा दिला, आणि कोणीतरी खांद्यावर घोंगडी घातली. माझ्यावर कोणी हसलं नाही, काका. एकही नाही.

गुत्त्यात आता ती गोष्ट रोज सांगतात, पण ती गेनोवेवामामींच्या केकची गोष्ट झाली आहे. त्यात ‘एक गोळी’ येते. कोणी झाडली ते कोणी सांगत नाही. माझ्यासमोर तर मुद्दाम विषय बदलतात.

मग मी चेर्नुटरांच्या करवतखान्यात गेले. तुमच्या कोर्टात फिर्यादी ते, आरोपी ते ठरवतात. करवत चालू होती, ओरडून बोलावं लागत होतं.

“या वर्षी किती आरोपी?”

“चार! ब्लाझिउस आहेच. त्याच्याशिवाय मजा नाही!”

“आणि मी?”

“तू कशाला? तू वाढायला! रोसल आजारी आहे, एगार्टर म्हणाला बुर्गी वाढेल. एप्रन आहे ना तुझ्याकडे?”

“मी रकसॅकला गोळी घातली!”

“विसर गं ते! आम्ही कोणी मनात ठेवलेलं नाही!”

“मग ठेवा ना मनात!”

चेर्नुटरांनी करवत बंद केली. इतका वेळ ओरडून बोलत असल्यामुळे माझा तो शेवटचा आवाज शांततेत एकटाच राहिला आणि बाहेर ओंडके भरणारे दोघेजण आत डोकावले.

“पोरी,” ते हळू म्हणाले, “बाकावर ओणवं व्हायचं. मागून पात्याचे फटके. सगळी मंडळी प्यालेली. तुझा बाप समोर बसलेला. कसं दिसेल ते?”

“ब्लाझिउसचं दिसतं तसंच दिसेल.”

“ब्लाझिउसचं फार वाईट दिसतं.”

एप्रन आहे, असं म्हणून मी परत आले. मी नेहमी असंच करते. भांडायला जाते आणि काहीतरी कबूल करून येते.

संध्याकाळी गोठ्यात बाबांना विचारलं. बाबांनी आधी धार संपवली. मग म्हणाले, “माझे तीन एकावन्न साली. न्यायाधीश म्हणून वालेंटिनचं पहिलंच वर्ष. ओंडक्याला डुक्कर समजलो. दोन्ही नळ्या झाडल्या.” बादली खाली ठेवून, “दोन्ही हुकल्या.” आणि हसू लागले. मी ही गोष्ट दरवर्षी ऐकते आणि ते दरवर्षी त्याच जागी हसतात, गाय दचकेल इतके. “वालेंटिनचा हात जड होता,” असं ते म्हणाले, जसं लोक म्हणतात की आमच्या लग्नाला बँड होता. मी विचारलं, “माझ्या वेळी तुम्ही उठून बाहेर जाल का?” बाबांनी बादली उचलली. “नाही,” ते म्हणाले. “मी बसेन.”

तर ही सगळी हकीकत. आता सल्ला. वुट्टे म्हणाले होते की पटली नाही तर वर्षाच्या आत बंदूक परत घेईन. मला वाटतं ती परत करावी. तिनळी घेऊनही मी घोंगडीवरच बसणार असेन, तर ग्राट्सच्या त्या डॉक्टरांची बायको कदाचित एव्हाना विरघळली असेल, त्यांना तरी मिळेल. बाबांची दुनळी मला पुरते. तुम्ही शांतपणे विचार करून कळवा, घाई नाही. माझं मन आता अगदी स्वस्थ आहे आणि मला कुणाकडून काही नको आहे.

रोसविटाताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जिने जपून उतरा.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
वाल्पुर्गा (बुर्गी)

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. शेवटच्या परिच्छेदात बरंच चुकीचं लिहिलं गेलं आहे. माझं मन स्वस्थ नाही. बंदूक मी परत करणार नाही. ती माझ्या पलंगाशेजारच्या कपाटात आहे आणि कपाट बंद आहे ना हे बघायला उठावं लागतं तेव्हा मला पहिल्यांदाच उठायला बरं वाटतं. सल्लाही नको आहे. मला हवं आहे ते असं: या वर्षी मला आरोपी करा. तुम्ही न्यायाधीश आहात, तुमच्या एका चिठ्ठीने चेर्नुटर ऐकतील. आरोप खरे आहेत, सगळे मला मान्य आहेत. कोल्ह्यासमोर बंद बंदुकीचा चाप दोनदा ओढला. सशाला गोळी घातली आणि तीही चुकली. मंडळाचे प्रमुख एगार्टरमामा यांच्या कॉफीचा खून केला. यातल्या एकासाठीही पुरुषाला सोडलं नसतं. आणि हात आवरता घेऊ नका. हळू मारलेत तर ते न मारण्याहून वाईट होईल. घोंगडीसारखं होईल.

ता. क. २. तुम्ही म्हणाल की नात्यातल्या माणसाने निवाडा करू नये. मीही यावर विचार केला. खरं तर ज्याने हा अंगठा शिकवला तो या खटल्यात न्यायाधीश होऊच शकत नाही. फार तर साक्षीदार, आणि कडक फिर्यादी असेल तर सहआरोपी. हा मुद्दा अजून चेर्नुटरांच्या लक्षात आलेला नाही. (हा दम नाही. आता वाचल्यावर दमच वाटतो आहे. पण खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून राहू देते.)

ता. क. ३. तुमचा गुडघा नीट नसेल आणि येणं जमलं नाही, किंवा आलात आणि तुम्हीही “पोरी” म्हणून हसून सोडून दिलंत, तर काय करायचं तेही ठरवलं आहे. एप्रन घालेन, कारण कबूल केलं आहे. सूप सगळ्यांना वाढेन, एगार्टरमामांना दोनदा. मग चेर्नुटर पहिल्या आरोपीचं नाव पुकारायला उठले की ते ब्लाझिउसचं नाव घेण्याआधी मी एप्रन सोडून खुर्चीवर ठेवेन आणि स्वतःच जाऊन बाकावर ओणवी होईन. मग दाढी लावून बसलेला जो कोणी असेल त्याला मारावंच लागेल. एकोणीस माणसं एका ओणव्या मुलीला किती वेळ तशीच ठेवतील? मी स्वतःला ओळखते, दारातून परत फिरेन, म्हणून तुम्हांला तारीख लिहून देते: शनिवार, तीन नोव्हेंबर.